तिसरा खण

पानावर गंजासारखे ठिपके उठले की माळी कपाळाला हात लावतो. आमचे हे मात्र असं पान दिसलं की हरखून जायचे. भर रस्त्यात उकिडवे बसायचे, खिशातून भिंग काढायचे आणि मला म्हणायचे, "अगं, उजेडातून जरा बाजूला हो." लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या उजेडातून बाजूलाच होत आले.

त्या ठिपक्यांना तांबेरा म्हणतात. ती एक बुरशी आहे, पण शिळ्या पावावर येते तसली गरीब बुरशी नव्हे. पावावरची बिचारी पडलेलं खाते. तांबेऱ्याला जिवंतच पान लागतं. पान मेलं की ह्याचंही दुकान बंद. म्हणून तो झाडाला एकदम मारत नाही, जगवून जगवून खातो. असल्या माणसांना मी सासरी रोज जेवायला वाढत होते, त्यामुळे शाळेत फारशी गेले नव्हते तरी हा विषय मला पहिल्या झटक्यात समजला.

ह्यांचं काम म्हणजे या तांबेऱ्याच्या खानदानाची वंशावळ लावणं. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसतंच नाव लावून घुसलाय. कुळात प्रजाती, प्रजातीत जाती, अशी ती उतरंड. आणि हे सगळं ठरवायचं कशावरून, तर ठिपक्यातल्या भुकटीवरून. ती भुकटी मायक्रोस्कोपखाली धरली की तिचे बीजाणू दिसतात. एखाद्याला एकच खण असतो, एखाद्याला दोन, मसाल्याच्या डब्यासारखे. मला ह्यांनी एकदा दाखवलं होतं. मी म्हटलं, "एवढ्याशा डब्यात काय ठेवतात?" तर हसले नाहीत. कामाच्या बाबतीत ह्यांना विनोद चालत नसे.

ह्यांनी डोंगरावरच्या एका काटेरी झुडपावर तीन खणांचा तांबेरा शोधला. तो कुणाशीच जुळेना. मग ह्यांनी त्याची वेगळी प्रजातीच उभी केली. नवी जात पुष्कळजण शोधतात, पण अख्खी प्रजाती उभी करणारा विरळा, असं तेव्हा घरी येणारा प्रत्येकजण मला सांगून चहा पिऊन गेला. शिवाय प्रजातीच्या नावापुढे ती करणाऱ्याचं नाव लागतं आणि ते कायमचं राहतं, असंही सांगितलं. ते मात्र खोटं होतं. मागाहून येणाऱ्याने ही प्रजाती वेगळी नाहीच असं दाखवून दिलं, की तिचं नाव जुन्या नावाच्या पोटात जातं आणि करणाराही तिच्याबरोबर जातो.

आणि मागाहून आले ते भिंगवाले भावोजी.

ते ह्यांचे कॉलेजातले मित्र. भिंग दोरीला बांधून गळ्यात घालायचे, जेवतानासुद्धा काढायचे नाहीत, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव भिंगवाले. दोघांचं एवढं गूळपीठ होतं, की मी म्हणायची, तुम्ही दोघांनीच लग्न करायला हवं होतं, माझा जन्म तरी सुटला असता. या लोकांत एक रीत आहे. आपण शोधलेल्या गोष्टीला आपलंच नाव देत नाहीत, ते हलकटपणाचं समजतात. दुसऱ्या कुणीतरी प्रेमाने द्यावं लागतं. ह्यांनी एका कुंपणाच्या झुडपावरचा नारिंगी तांबेरा शोधला आणि त्याला भिंगवाल्यांचं नाव दिलं. त्या दिवशी भावोजी आमच्याकडे आले आणि दारातच रडले. स्वतःला मूल झालं तेव्हा तो माणूस रडला नव्हता.

पुढे काय झालं, तर ह्यांनी त्या नारिंगी तांबेऱ्याची भुकटी सहज गवतावर झटकून पाहिली. गवतावर काळा तांबेरा उठला, तो जुना, सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणजे एकच बुरशी कुंपणावर नारिंगी आणि गवतावर काळी होऊन दोन घरं सांभाळत होती. जुनं नाव खरं, नवं बाद. भिंगवाल्यांचं नाव ह्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. तेही मित्राला आधी सांगून नव्हे. भरल्या सभागृहात, पडद्यावर चित्र दाखवून. भावोजी पहिल्या रांगेत बसले होते.

त्या वेळी मी ह्यांच्या बाजूने उभी राहिले. नातेवाईक म्हणाले, असं कुणी करतं का? मी म्हटलं, "माझा माणूस करतो. खरं ते खरं. मित्राचा मुलाहिजा नाही, बायकोचा नाही, कुणाचाच नाही." हे मी इतक्या जणांना इतक्या ताठ मानेने सांगितलं, की शेवटी ती मान तशीच राहिली.

भिंगवाल्यांनी आमच्याकडे येणं टाकलं.

आता हे म्हातारे झाले. डोळे मायक्रोस्कोपने खाल्ले, कान वयाने. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. आणि भिंगवाले तिकडे संस्थेत बसून या सबंध कुळाची नवी मांडणी लिहीत होते. मोठा ग्रंथ. तो आला की जुनं कुणी उघडून बघणार नाही, त्यात जे राहील ते राहिलं, जे गेलं ते गेलं. आमची थोरली कॉलेजात हाच विषय शिकवते, तिच्याकडून बातम्या यायच्या. ती आली की हे विचारायचे, "काही कळलं?" ती म्हणायची, "अजून नाही, बाबा." एकदा ती स्वैपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "आई, काका बाबांची प्रजाती मोडणार आहेत."

ती हळू बोलली, पण बहिऱ्या माणसाला आपल्याविषयीचं बरोबर ऐकू येतं. ह्यांनी त्या दिवसापासून जेवण टाकलं. टाकलं म्हणजे ताटावर बसायचे, पण घास नुसता फिरवायचे. मी ओरडले, चिडले, लहान मुलाला भरवतात तसं भरवून पाहिलं. "एवढंच उरणार होतं गं माझं," म्हणाले. घरात मुलं आहेत, नातवंडं आहेत, मी आहे. पण उरणार होतं ते एवढंच.

मग मी चपला घातल्या.

भिंगवाल्यांच्या खोलीत छतापर्यंत कपाटं होती आणि कपाटांत कागदाची पाकिटं, प्रत्येकात वाळलेलं पान. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात बसत होता. भिंग अजून गळ्यात. मला बघून खुर्ची सरकवून उठले.

"वहिनी! तुम्ही इकडे?"

"तुम्ही तिकडे येत नाही, मग मलाच यावं लागलं."

"बसा."

"बसायला नाही आले. भावोजी, एवढा मोठा ग्रंथ लिहिताय, त्यात एका म्हाताऱ्याला कोपरा देता येत नाही? का सभागृहातलं अजून सलतंय?"

"सलतं ना," ते म्हणाले. मला वाटलं होतं नाकारतील. "पण त्यात तो बरोबर होता. नाव गेलं ते बरोबर गेलं. मी कुठे नाही म्हणालो? मला आधी घरी येऊन सांगायचं होतं, एवढंच."

"मग आता तुम्हीही भरल्या ग्रंथात पुसणार. फिटंफाट."

ते कपाटाकडे गेले, दोन पाकिटं काढून टेबलावर उघडली. दोन्हींत त्या काटेरी झुडपाची पानं. "ही रोपं मी इथे लावली, वहिनी. एकाच ठिपक्यातली भुकटी सगळ्यांवर झटकली. कोवळ्या पानावर बीजाणूला दोन खण आले. तेच पान जून झालं तेव्हा तिसरा खण आला. दोन खणांचा तो आपला जुनाच, गल्लोगल्ली सापडणारा. म्हातारपणी माझी पाठ वाकली म्हणून मी वेगळ्या जातीचा झालो का?"

"ह्यांच्या नजरेतून सुटलं असेल."

"त्याच्या नजरेतून?" ते हसले. तसं हसणं मला आवडलं नाही. "तो काय बघत होता ते त्याला माहीत होतं. असलीच रोपं त्यानं तुमच्या गच्चीवर वाढवली होती. मला कळलं तेव्हा मी निरोप धाडला, की भांडण राहू दे बाजूला, मी रोपं बघायला येतो. येण्याच्या आदल्या दिवशी उलटा निरोप आला. रोपं गेली म्हणे."

ती रोपं मीच वाढवली होती. रोज झारीने पाणी घातलं होतं, पानं ओली होऊ न देता, बुंध्याशी, ह्यांनी शिकवलं तसं. एका सकाळी हे खाली मायक्रोस्कोपवर बसले ते जेवायलाही उठले नाहीत. मग गच्चीवर आले, पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळी उपट आणि जाळून टाक. रोग घरात पसरेल." मी मनात म्हटलं, हा रोग माणसाला कुठे होतो? पण ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, म्हणून विचारलं नाही. जुन्या पत्र्याच्या डब्यात जाळली. ओली होती, लवकर पेटेनात, फुंकून फुंकून माझे डोळे चुरचुरले.

हे मी भिंगवाल्यांना सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू परक्याच्या टेबलावर उघडायला मी आले नव्हते.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा, भावोजी."

त्यांनी भिंग बोटांत फिरवलं. "त्यानं मला एक फोन करावा. स्वतःच्या तोंडानं सांगावं, की तीन खण कोवळ्या पानावरही असतात, मी बघितलंय. मग माझ्या बघण्यापेक्षा त्याचं बघणं मी मोठं धरीन. प्रजाती ठेवीन. ग्रंथ माझा आहे, मला कोण विचारतंय?"

"आणि फोन नाही केला तर?"

"तर मोडीन. आणि त्याला मनातून नमस्कार करीन."

घरी येताना मला सगळ्या वाटेत एकच वाटत होतं. हे ऐकतील, आणि म्हणतील, मोडू दे. त्यानं दोन खण बघितले असतील तर दोनच खरे. मग मी जेवायला वाढीन आणि हे जेवतील. मला तेवढं पुरलं असतं. ताठ मान घेऊन इतकी वर्षं काढली, ती उगाच नव्हती असं झालं असतं. गच्चीवरचा धूर मी पोटात घातला असता.

मी ह्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले आणि भिंगवाल्यांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ऐकू येत नाही म्हणून ओरडून सांगावं लागलं. शेजारच्यांना तांबेऱ्याचं सगळं कळलं असेल.

ह्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "फोन लाव."

मला वाटलं, मोडू दे म्हणायलाच लावतायत. मित्राला स्वतः सांगणार. मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि ह्यांना हातात नीट धरता येत नाही म्हणून मीच त्यांच्या तोंडापाशी धरला.

"बोल," पलीकडून भिंगवाले म्हणाले.

"अरे, तीन खणच आहेत," हे म्हणाले. "कोवळ्या पानावरही. मी बघितलंय."

"तू बघितलंस?"

"बघितलंय म्हणजे काय! माझ्या गच्चीवर."

"त्या रोपांचं झालं काय पण? मी येणार होतो ना."

हे थांबले. डोळे अधू असले तरी मी कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. फोन माझ्या हातात होता, माझी बोटं त्यांच्या हनुवटीला लागत होती.

"हिनं जाळली," हे म्हणाले. "मी बाहेर गेलो होतो. आल्यावर बघतो तर सगळी राख. आता काय बोलणार? बाईमाणूस, शिकलेली नाही. तिला तांबेरा काय नि धूळ काय, सारखंच. रोग म्हणून जाळून मोकळी झाली."

मग भिंगवाल्यांनी विचारलं, "वहिनी आहेत का तिथे?"

"नाही," हे म्हणाले. "आत आहे. कामात."

माझ्या जिभेला आमच्याकडे सगळे वचकून असतात. सुना, जावई, दूधवाला. लग्नात कमी-जास्त बोलले म्हणून मी व्याह्यांना ऐकवलंय, बँकेत रांग मोडणाऱ्याला ऐकवलंय. "आहे मी इथेच, भावोजी," एवढंच म्हणायचं होतं. पण ह्यांच्या गळ्याची शीर उडत होती, आणि कितीतरी दिवस त्या गळ्याखाली धड घास उतरला नव्हता. मी फोन धरून राहिले. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

"बरं," भिंगवाले म्हणाले. "तुझा शब्द." आणि फोन ठेवला.

"वाढ," हे मला म्हणाले.

त्या दिवशी पोटभर जेवले. मागून घेऊन जेवले. मी समोर उभी राहून वाढलं. मधेच म्हणाले, "त्याला काहीतरी सांगणं भागच होतं गं. तुझं काय जातंय? तुला कुठे त्या लोकांत उठायबसायचंय?"

"काही नाही जात," मी म्हटलं. "मीठ बरोबर आहे ना?"

ग्रंथ आला तेव्हा थोरली तो दोन्ही हातांनी धरून घेऊन आली, एवढा जड. बापाच्या पायाशी सतरंजीवर बसली आणि पान काढलं. "बाबा, आहे! तुमची प्रजाती आहे. तुमच्या नावासकट." ह्यांनी हात पुढे केला, तिने त्यांचं बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं. छापलेलं काही बोटाला लागत नाही, तरी हे त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. मी दारात उभी होते. मला आनंद झाला नाही असं नाही. ज्याच्यासाठी चपला घातल्या होत्या ते मिळालं होतं.

"खाली काय लिहिलंय?" ह्यांनी विचारलं. "बारीक अक्षरात असतं."

थोरली वाचू लागली, आपल्या भाषेत करून. "मूळ शोधकाच्या शब्दावर ही प्रजाती कायम ठेवली आहे. पडताळणी करता आली नाही, कारण शोधकाने वाढवलेली जिवंत रोपं..." ती थांबली.

"वाच की," हे म्हणाले.

"...घरातील एका व्यक्तीने अज्ञानाने जाळून टाकली." तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आई? तू जाळलीस?"

भिंगवाल्यांनी ते कुणासाठी लिहिलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ह्यांच्यासाठी असेल. आपल्याला सगळं कळलंय हे कळवायला. पण ग्रंथ वाचणाऱ्याला तसलं काही दिसत नाही. त्याला एक मोठा माणूस दिसतो आणि त्याच्या घरातली एक बाई.

"आई, विचारते मी. ती रोपं तू जाळलीस?"

हे खुर्चीत हललेसुद्धा नाहीत. तोंड खिडकीकडे, बोट अजून ओळीवर.

"हो," मी म्हटलं. "मीच जाळली. पत्र्याच्या डब्यात."

"अगं पण विचारायचंस तरी कुणाला! बाबांची वर्षानुवर्षांची मेहनत... आज ती रोपं असती तर शब्दावर ठेवली असं लिहायची वेळ आली नसती. माझे विद्यार्थी हे वाचणार. काय सांगू त्यांना, माझ्या आईने..." तिचा आवाज चढला, मग माझं वय आठवलं असावं. "जाऊ दे. तुला काय माहीत बिचारीला."

बिचारी. मला जन्मात कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा नाही, ऑपरेशन झालं तेव्हा नाही.

"चिडू नकोस तिच्यावर," हे म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. "मी केव्हाच माफ केलंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा शांत होता. मला वाटतं तोवर त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. आपण बाहेर गेलो होतो, परत आलो, राख बघितली, आणि मोठ्या मनाने काही बोललो नाही.

"ते वरचं पुन्हा वाच बरं," त्यांनी लेकीला सांगितलं. "नाव आहे तिथपासून."

तिने वाचलं. मी आत जाऊन भांडी घासायला काढली. घासलेलीच होती.

आता लोक येतात. जुने विद्यार्थी येतात, ह्यांचं अभिनंदन करतात, मी चहा देते. कुणी हळूच विचारतो, "त्याच का ह्या?" आणि दुसरा त्याला डोळ्यांनी दटावतो. हे दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात. वजन वाढलंय, डॉक्टर खूश आहेत.

थोरलीच्या कॉलेजात जागा अपुरी आहे, म्हणून गेल्या महिन्यात तिने तिच्या कामाची काही रोपं आमच्या गच्चीवर आणून ठेवली. पाणी घालायला तिने एक मुलगी लावली आहे, एक दिवसाआड येते. पानांवर पाणी उडवते ती मुलगी, मला खाली ऐकू येतं. जाताना थोरलीने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलांशी बोलतात तशी बोलली, "आई, त्या कुंड्यांना तू हात लावायचा नाही हं. कळलं ना?" शिवाय एक पुठ्ठा लिहून तिथे टांगला आहे. मला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

मी हात लावत नाही. वाळत घातलेले कपडे काढायला वर जाते, तेव्हा लांबूनच वळसा घालून जाते.